आईच्या काशीफळाची सोयरीक

तरोडा नाका, नांदेड
२७ जुलै २०२५

ती. शिवकांताअक्कास,
धाकट्या भावाचा शरणार्थ.

फोनवर आपल्या दोघांचाही आवाज चढतो आणि सांगायचे ते राहूनच जाते. म्हणून यापुढे कागदावर बोलावे हा तुझा आदेश मला मान्य आहे. कागदावर मला मुद्देसूद लिहिता येते आणि तुला मध्येच तोडता येत नाही.

आईच्या काशीफळाचे बी तू मला दिलेस, ही गोष्ट मी लहान समजत नाही. आपल्या घरात ते बी लेकीच्या ओटीत जाते. लेकाच्या हाती ते कधी आले नाही. तुझ्या लग्नात आईने ते तुझ्या ओटीत घातले आणि मला ते जन्मभर भाजीतच भेटत राहिले. या पाडव्याला तू तीन बिया माझ्या तळहातावर ठेवल्यास आणि "वाया घालवलंस तर तोंड दाखवू नको" असा आशीर्वाद दिलास.

त्यांचा हिशेब असा. एक बी खारीने नेले. दुसरे कुजले, कारण त्याला मीही पाणी घालत होतो आणि तारामतीही, आणि आम्ही एकमेकांना कळवले नव्हते. तिसऱ्याची वेल गच्चीच्या कठड्यावर उत्तम चढली आहे. इतर आघाड्यांवर म्हणशील, तर मेथी जिंकली, टोमॅटो पांढऱ्या माशीने जिंकले आणि गाजरे उपटल्यावर पायजम्यासारखी दोन पायांची निघाली.

आता मुख्य मुद्दा. वेलीला दोन प्रकारची फुले येतात. एका प्रकारात फुलामागे लिंबाएवढे फळ असते, दुसऱ्यात नुसताच लांब देठ. ही दुसरी फुले वेलीचे अन्नपाणी खातात आणि मोबदल्यात काहीही देत नाहीत, असे निरीक्षणाअंती माझ्या ध्यानात आले. म्हणून अशी सर्व अनुत्पादक फुले मी रोज सकाळी फिरायला जाण्यापूर्वी खुडून टाकतो. इतकी शिस्त लावूनही लहान फळे पिवळी पडून गळतात. कारण कळवावे.

तुझा,
मल्लिकार्जुन

(अक्का, मी तारामती. त्या खुडलेल्या फुलांची भजी मात्र लई झकास होतात. महिन्याचं बेसन संपत आलं.)


देवणी
५ ऑगस्ट

तम्मा मल्लू,

तुझं पत्र वाचलं. मग समोरच्या चतुराबाईला हाक मारून तिलाबी वाचून दाखवलं. एकटीनं हसणं मला सोसंना.

आरं, ज्याच्या मागं फळ नसतंय ते फूल नवरदेव असतंय. फळवाली ती नवरी. माशी नवरदेवाकडून नवरीकडं जाती, तवा फळ धरतंय. तू रोज सकाळी उठून सगळे नवरदेव खुडलेस, बेसनात बुडवून तळून खाल्लेस, अन् वर मला इचारून राहिलास की पाळणा कामून हलंना! बी.कॉम.ला हे शिकवत नसतील. पण तुला दोन लेकरं झाली की रं. तवा तरी काही ध्यानात यायला पाहिजे होतं.

आता एकबी फूल खुडू नको. भजी खायची तर बटाट्याची खा.

माझी वेल गोठ्याच्या पत्र्यावर चढलीय. बी मडक्यात राखंत घालून ठेवलंय, मडकं भरलेलं हाय. चतुराबाईनं औंदाबी बी मागितलं. मी म्हणले, "बाई, तुझ्या घरात आमची लेक न्हाई दिलेली. बी कसं देऊ?" ती म्हणली, "अक्का, तुमचं बी हाय का सोनं?" मी म्हणले, "सोनं मोडता येतंय."

तारामतीला सांग, पाणी एकानंच घालावं.

शिवकांता


नांदेड
१८ ऑगस्ट

ती. अक्कास,
शरणार्थ.

तुझ्या पत्रातील टीका रास्त आहे. ती चतुराबाईंना मोठ्याने वाचून दाखवणे मात्र रास्त नव्हते. फुले खुडणे त्याच दिवशी बंद केले. तरीही फळ धरेना, कारण चौथ्या मजल्यावर या पावसात माशी येत नाही. म्हणून माशीचे काम मी स्वतः करायचे ठरवले.

१५ ऑगस्टच्या सकाळी एक नवरी उमलली. पाऊस चालू होता. एका हातात छत्री धरून मी वेलीवर वाकलो होतो, तोच शेजारच्या गच्चीवरून श्रीमंतराव बोलले. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. ते पाकिटातले बी कुंडीत टाकतात, विसरून जातात आणि त्यांचे सर्व काही उगवते. माझी आणि त्यांची मैत्री त्यामुळेच मर्यादित आहे.

"मल्लिकार्जुनराव, झेंडावंदनाला जायचं सोडून भोपळ्याला काय छत्री धरलीत?"

"लग्न आहे," मी म्हणालो.

"मग नवरदेव कुठाय?"

प्रश्न बिनतोड होता. महिनाभराच्या खुडणीनंतर माझ्या वेलीवर नुसत्या मिटलेल्या कळ्या होत्या. त्यांच्या वेलीवर मात्र डझनभर नवरदेव उमलून बसले होते. त्यांनी एक तोडून कठड्यावरून पुढे केला. "घ्या. मानपान काही नको."

मी ते फूल नवरीच्या मध्यावर अलगद फिरवले. तारामतीने अक्षता म्हणून चार दाणे तांदूळ टाकले. ते मी नंतर वेचून काढले, कारण ओल्या मातीत मुंग्या होतात. आज तिसरा दिवस. फळ पिवळे पडलेले नाही. ते फुगते आहे!

आमच्या गृहनिर्माण संस्थेची गच्ची-बाग स्पर्धा दसऱ्याला आहे. अध्यक्ष चन्नबसप्पा मला म्हणाले, "तुम्ही भाग घेणार? बघायला का दाखवायला?" आता दाखवायला.

तुझा,
मल्लिकार्जुन


देवणी
२ सप्टेंबर

मल्लू,

पाऊस लई झाला. आम्ही बरे आहोत. जनावरं बरी हायत. काळजी करू नको.

तुझं काशीफळ तेवढं जप. पिकल्याबिगर तोडू नको. स्पर्धेबिर्धेला देऊ नको. कुणी कापून मागितलं तर हात तोडीन म्हण. देठ वाळला की मला कळव, मी येते.

शिवकांता


नांदेड
९ सप्टेंबर

ती. अक्कास,
शरणार्थ.

तुझे एवढे लहान पत्र मला आजवर आलेले नाही. त्यातही चौकशी कमी आणि हुकूम जास्त आहेत. एकूण अर्थ मी असा घेतला की, ज्याने नवरदेव तळून खाल्ले त्याच्या हाती फळ राहू द्यावे असे तुला वाटत नाही.

फळ आता घागरीच्या बुडाएवढे झाले आहे. आईच्या फळासारखेच चपटे, तशाच खोल फाका, देठाशी तसाच हिरवा चांदवा. त्याच्या भाराने वेल तुटू नये म्हणून तारामतीच्या जुन्या साडीची झोळी बांधली आहे. इमारतीतील माणसे ते पाहायला येतात. लिफ्ट बंद असतानाही येतात. दसऱ्याला ते स्पर्धेत मांडायचे आणि नंतर संस्थेच्या जेवणात त्याचीच भाजी करायची, असे चन्नबसप्पांना मी कळवले आहे. मी दिलेला शब्द आहे.

आणि तुला काळजी कसली? माझी वेल ही एक सुटी शाखा समज. मुख्य कार्यालय तुझ्याकडे आहे. तुझ्या परसात वेल आहे आणि मडके भरलेले आहे. मला एक फळ मिरवू दे.

तुझा,
मल्लिकार्जुन


देवणी
१६ सप्टेंबर

तम्मा,

मुख्य कार्यालय वाहून गेलं.

लिहिणार नव्हते. पण तू भाजीचं लिहिलंस, आता लिहावं लागतंय. ऑगस्टच्या त्या पावसात परसात कंबरंएवढं पाणी आलं. गोठ्याची भिंत पडली, तिच्यासंगं वेल गेली. जनावरं आधीच सोडली होती म्हणून वाचली. घरात पाणी शिरलं ते सैपाकघरातून. बियाचं मडकं कोनाड्यात खाली होतं. पाणी वसरल्यावर झाकण काढलं तर राखंचा चिखल झालेला, बी फुगून नासलेलं. वास येत होता. तरीबी मी एकेक धुऊन उन्हात घातलं. चतुराबाई येऊन गप बसली माझ्याशेजारी. मागितलं तवा दिलं असतं तर आज तिच्या परसात असतं, ती उंचावर राहती. हे तिनं म्हणलं न्हाई, मीच म्हणून राहिले मनात.

तुला कळवलं न्हाई, कारण तू म्हणला असतास, "अक्का, सगळं एका मडक्यात ठेवतं का कुणी?" बरोबरच म्हणला असतास. म्हणूनच कळवलं न्हाई.

आता आईचं बी म्हणून जगात जे काही हाय ते तुझ्या गच्चीवर झोळीत निजलंय. त्याची भाजी करू नको, बाबा.

शिवकांता


नांदेड
२४ सप्टेंबर

ती. अक्कास,
शरणार्थ.

तुझे पत्र मी दुपारी कार्यालयात वाचले आणि कामासाठी आलेल्या माणसाला उद्या या म्हणून सांगितले. घरातून पाणी पूर्ण निघाले का, भिंतीचे काय झाले, तू कोठे निजतेस, हे आधी लिही. नंतरचे नंतर.

आता माझी पाळी. जे फळ झोळीत आहे, त्यात आईचे बी नाही.

ऑगस्टअखेरीस कृषी प्रदर्शनातून आणलेली एक पुस्तिका वाचताना मला ते कळले. फळाची साल, गर, आकार हे सारे आईकडून येते. म्हणून ते हुबेहूब आपले दिसते. पण आतले बी नवरा-नवरी दोघांचे असते. नवरदेव श्रीमंतरावांचा, म्हणजे पाकिटातला. या फळाचे बी लावले तर पुढच्या वर्षी काय येईल ते ते पाकीटही सांगू शकणार नाही. हे समजूनही मी तुला लिहिले नाही, कारण तुझे मडके भरलेले आहे असे धरून चाललो होतो.

तारामती म्हणाली, "अक्कांना कळणारसुद्धा नाही. फळ तर तेच दिसतंय. त्यांना तेवढं तरी समाधान."

मी म्हणालो, "या वर्षी नाही कळणार. पुढच्या वर्षी कळेल, आणि तेव्हा दुरुस्त करायला काही उरणार नाही."

ती म्हणाली, "मग काय करायचं?"

पुस्तिकेप्रमाणे, वेलीच्या अंगावर मोठे फळ असेपर्यंत ती नवे फळ धरत नाही. गेल्या पंधरवड्यात आलेल्या सर्व नवऱ्या गळाल्या. वेल थकली आहे, खालची पाने वाळली आहेत, आणि शेंड्याला आता एकच कळी आहे. म्हणून परवा, २२ तारखेला, मी ते मोठे फळ कापले.

रागावण्यापूर्वी पुढचे वाच. २३ तारखेला सकाळी ती शेवटची नवरी उमलली. आदल्या संध्याकाळीच मी तिचे तोंड दोऱ्याने बांधून ठेवले होते, शेजारची माशी आगाऊपणा करू नये म्हणून. नवरदेव घरचाच, याच वेलीचा, तोही बांधलेला. आपल्यात मामाची मुलगी चालते. हे नाते त्याहून बरेच जवळचे आहे, पण बी शुद्ध राहते असे पुस्तिका म्हणते. ना श्रीमंतराव, ना अक्षता. फक्त मी आणि तारामती. ती छत्री धरून उभी होती, पाऊस नसतानाही.

कापलेले फळ चन्नबसप्पांकडे पोचवले आणि स्पर्धेतून नाव काढले. "अहो, पहिला नंबर तुमचाच होता!" ते म्हणाले. श्रीमंतरावांना मात्र खरे कारण सांगितले. ते आपल्या वेलीकडे पाहत म्हणाले, "आमच्या पोरात काय वाईट होतं?" मी म्हणालो, "वाईट काहीच नाही. आम्हाला घराणं हवं आहे." त्याच दिवशी त्यांनी आपल्या वेलीची उमललेली सारी फुले तोडून टाकली, माझी नवरी सुखरूप राहावी म्हणून. या माणसाबद्दलचे माझे मत मी मागे घेतो.

तुझा,
मल्लिकार्जुन


देवणी
१ ऑक्टोबर

मल्लू,

येडा झालास का तू? हातातलं फळ कापलंस? एका कळीवर भरवसा ठेवून? अन् ती न्हाई धरली तर?

मला काय करायचं हाय तुझ्या पुस्तिकेशी? मला ते फळच आणून दिलं असतंस, मी ते चुलीवर केलं असतं, गूळ घालून, अन् तेवढं शेवटचं म्हणून खाल्लं असतं. आईची साडी इरली. फोटोत ती पदरानं तोंड झाकून बसलीय, कुणाची आई हाय कळत न्हाई. ते एक काशीफळ तेवढं बरोबर तिच्या हातचं लागायचं. ते तू चन्नबसप्पाला दिलंस!

भिंत बांधायला माणूस लावलाय. मी माडीवर निजते. घर सुकलंय.

तीन दिस झाले ते वरचं लिहून. धाडलं न्हाई. आता पुढचं लिहिते. मी असते तर ते फळ ठेवलं असतं, अन् पुढल्या साली काय भलतंच आलं म्हणून नशिबाला बोलत बसले असते. हे मला ठावं हाय. तरी राग जाईना.

कळी धरली तरच पत्र लिही. न्हाई धरली तर तू लिहू नको, तारामतीला लिहायला लाव. तिच्या हातचं अक्षर बघितलं की मला कळंल, मग मी ते फोडणार न्हाई.

शिवकांता


नांदेड
५ नोव्हेंबर

अक्का,

पत्र फोडलंत ना? फोडलंच असणार. भिऊ नका. धरलंय.

मीच लिहून राहिले, कारण हे लिहीनात. महिनाभर मी पाठीमागं लागले, "अक्का वाट बघत असतील, दोन ओळी टाका." तर म्हणतात, "काम पूर्ण होण्याआधी अहवाल देणं योग्य नाही." खरं तर भितात. लिहिलं अन् दुसऱ्या दिवशी गळलं तर, म्हणून.

फळ नारळाएवढं हाय. त्याच्यावर वाढंना. वेलीची निम्मी पानं गेलीत, पण देठाकडची हिरवी हायत. हे रोज ऑफिसातून आले की बूट न काढता गच्चीवर. परवा मी मागनं गेले तर फळाशी बोलत होते. मला वाटलं आता शंकराचं नाव घेत असतील. तर म्हणत होते, "घाई नाही. पण चालढकलसुद्धा नको." लग्नाला तीस वर्षं झाली, माझ्याशी एवढं मऊ कधी बोलले नाहीत.

श्रीमंतभाऊजी रोज कठड्यावरून इचारतात, "सूनबाई कशी हाय?"

तुमची,
तारामती


नांदेड
१० डिसेंबर

ती. अक्कास,
शरणार्थ.

आता अहवाल देण्यास हरकत नाही. देठ वाळला आहे, साल नखाने ओरखडत नाही आणि बोटाने वाजवल्यास पोकळ आवाज येतो. फळ लहान आहे. एका बाजूने कठड्याला टेकल्यामुळे चेपले आहे. कोणत्याही स्पर्धेत त्याला कोणी विचारले नसते.

१९ तारखेच्या येळवशीला आम्ही दोघे येतो. त्या दिवशी गावच्या गाव शेतात जेवायला जाते आणि तू कडब्याच्या कोपीत पूजा मांडतेस. तेथेच ते कापावे असे मला वाटते. कापायचे मात्र तू. मी एक फळ या वर्षी कापले आहे. माझ्याच्याने दुसरे होणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. बाहेरून पिकले म्हणजे आत बी भरलेच असेल, असे नाही. थकलेल्या वेलीचे फळ आहे. बी पोचट निघाले तर जेवणावर राग काढू नकोस. बसमध्ये ते मी मांडीवर घेईन. वर सामानाच्या फळीवर ठेवायला तारामती सांगते आहे; तिला नाही म्हणून सांगितले.

तुझा,
मल्लिकार्जुन


देवणी
४ मार्च २०२६

तम्मा,

येळवशीचं तुझं तोंड अजून माझ्या डोळ्यांपुढं हाय. मी इळ्यानं फळ चिरलं, बोटानं बी चाचपलं, तर एक पोचट, दुसरं पोचट, तिसरं पोचट. सगळी भावकी गोळा झालेली. मिसळ भाज्यांच्या भज्जीचं पातेलं निवून चाललेलं, अंबिलाच्या मडक्याला कुणी हात लावंना. तू तर कोपीबाहेर जाऊन हरभऱ्याकडं तोंड करून हुबा राहिलास. मग आतल्या अंगाला, देठाकडं, मूठभर भरलेलं निघालं. तारामती तुला वरडून सांगायली, अन् तू मागं वळना. डोळे पुसून झाल्याबिगर वळला न्हाईस. मी बघितलं. तवा बोलले न्हाई, लोक होते.

ते बी म्यां शिवरात्रीला लावलं. सगळं न्हाई. निम्मं लावलं, निम्मं ठेवलं, अन् ठेवलेलं दोन घरांत ठेवलं. अर्धं माडीवर, अर्धं चतुराबाईच्या कपाटात. तिला म्हणले, "लावबी तुझ्या परसात." ती म्हणली, "पण तुमची लेक आमच्याकडं न्हाई दिलेली." मी म्हणले, "पाण्यात घर गेलं तवा माझ्याशेजारी येऊन बसलीस. तेवढी सोयरीक बास झाली."

लावलेल्यातलं काही उगवलंच न्हाई. एक कोंबडीनं टोकरलं. एक शेळीनं खाल्लं, तिला मी दिवसभर शिव्या दिल्या. बाकीची वर आलीत. दोन पानं जाड, तिसरं पान आता उलगडून राहिलंय, अन् त्याच्यावर पांढरे शिपके हायत, आईच्या वेलीला असायचे तसेच. मी सकाळी बघितले अन् तिथंच मातीत बसले. बराच येळ बसले. पडले म्हणून शेजारची माणसं पळत आली. त्यांना काय सांगू, म्हणले चष्मा शोधून राहिले.

एक रोप तुझ्यासाठी डब्यात काढलंय. कुणासंगं धाडायचं न्हाई, जीपमध्ये हिसके बसतात. तूच ये. येताना त्या श्रीमंतालाबी घेऊन ये. नवरदेव त्याचा नको, पण माणूस बरा दिसतोय. त्याला इथं जेवू घालते.

रोपाला लई दिस डबा सोसायचा न्हाई, म्हणून लवकर ये. माझं काय, मी इथंच हाय.

शिवकांता